दारातली जुनी जावा-येझदी : जपणूक, दुरुस्ती आणि घाटातला प्रवास

आपल्या बेळगाव-खानापूर भागात अजूनही पुष्कळ घरांच्या पडवीत, जिन्याखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीने झाकलेली एक जुनी फटफटी उभी असते. कोणाच्या आजोबांनी ती नोकरीत असताना घेतलेली असते, तर कोणाच्या काकांनी तिच्यावरून गोवा, कोल्हापूर, धारवाड पालथे घातलेले असते. आज तिच्यापुढे दोनच वाटा दिसतात. एक तर ती किलोच्या भावाने भंगारात जाते, नाहीतर दहावी-बारावीतला मुलगा एक दिवस ताडपत्री काढतो, किक मारतो आणि कोणाला न सांगता रस्त्यावर नेतो. पहिल्या वाटेने चांगली वस्तू जाते, दुसऱ्या वाटेने जीव जाऊ शकतो. तिसरी वाट आहे, ती म्हणजे गाडी समजून घेऊन, नीट दुरुस्त करून, कायद्यात राहून वापरणे. आमच्या शिक्षक-पालक मंडळींपैकी काही जण अशा गाड्या बाळगून आहोत. त्या अनुभवावरून ही माहिती विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांसाठी देत आहोत.

गाडी मूळची कुठली?

जावा हे नाव दोन नावांची आद्याक्षरे जोडून झाले आहे. प्राग येथील कारखानदार फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'जा' (आपण रोमन लिपीप्रमाणे तसा वाचतो) आणि वांडररमधला 'वा' मिळून जावा झाले. इंडोनेशियातील जावा बेटाशी या नावाचा काही संबंध नाही.

भारतात ही गाडी आपल्याच राज्यात, म्हैसूरला तयार होऊ लागली. इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जावा हे नाव जाऊन येझदी आले. इराणमधील यज्द या शहरावरून ते घेतले आहे. पुढे रोडकिंग, क्लासिक, मोनार्क अशी मॉडेले आली. १९८५ साली शंभर सी.सी.ची फोर-स्ट्रोक हिरो होंडा बाजारात आली आणि कमी पेट्रोलात जास्त अंतर जाणाऱ्या गाड्यांकडे गिऱ्हाईक वळले. धुराचे नियमही कडक होत गेले. अखेर १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

जावा हे नाव नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि येझदी जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले. परंतु या नव्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे. त्यांचे सुटे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. म्हणजे आपल्या पडवीतली गाडी ज्या कारखान्याची आहे, तो कारखाना आज नाही, हे लक्षात घेऊनच पुढचा विचार करावा लागतो.

टू-स्ट्रोक म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात फोर-स्ट्रोक इंजिनाची आकृती असते. शोषण, दाबणे, स्फोट आणि निष्कासन या चार क्रियांसाठी दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली जातो. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम दोन फेऱ्यांत, म्हणजे दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला की पुरे होते. त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि दट्ट्याच त्यांची उघडझाप करतो.

दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. दट्ट्या खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरच्या वरच्या भागात चढते आणि जळालेल्या वायूला बाहेर ढकलते. ढकलता ढकलता थोडे ताजे पेट्रोलही धुराबरोबर निसटते. जुन्या येझदीला पेट्रोल जास्त लागते आणि तिचा धूर उग्र असतो, त्याचे मूळ येथेच आहे.

आता गणित पाहा. या २५० सी.सी. गाडीच्या सिलिंडरचा व्यास ६५ मि.मी. आणि दट्ट्याचा पल्ला ७५ मि.मी. आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. त्रिज्या ३.२५ सें.मी., तिचा वर्ग १०.५६, त्याला ३.१४ ने गुणा आणि ७.५ ने गुणा. उत्तर सुमारे २४९ घन सेंटिमीटर येते. गाडीच्या कागदावर लिहिलेली क्षमता तुम्ही वहीत काढली!

पेट्रोलमधले तेल : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

क्रँककेसमधून पेट्रोल वाहत असल्याने तेथे वेगळे वंगण भरून ठेवता येत नाही. म्हणून वंगणाचे टू-टी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते विसरले, तर काही किलोमीटरांतच दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरतो. गॅरेजच्या भाषेत 'इंजिन पकडले' म्हणतात. धावत्या गाडीचे इंजिन पकडले की मागचे चाक एकदम अडते आणि गाडी घसरते. अशा वेळी ताबडतोब क्लच दाबावा. म्हणून जुनी टू-स्ट्रोक चालवणारे अनुभवी लोक डाव्या हाताची दोन बोटे सदैव क्लचवर ठेवतात.

तेलाचे प्रमाण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. जुन्या २५० गाड्यांना साधारण १ : २५ हे प्रमाण चालते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मि.लि. तेल. नऊ लिटर पेट्रोल घेतले, तर ३६० मि.लि. तेल लागेल. तेल डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये, मापाच्या बाटलीने घालावे. कमी पडले तर इंजिन जाते. जास्त झाले तर प्लग भिजतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते.

अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभरात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. या गाड्या बनल्या तेव्हा असे पेट्रोल नव्हते. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात व सैल होतात. शिवाय ते हवेतले पाणी शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी जमून गंज चढतो. त्यावर उपाय साधे आहेत. पेट्रोलच्या नळ्या नव्या आणि इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. गाडी महिनाभर चालणार नसेल तर नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा. जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये.

उभी गाडी चालू करण्यापूर्वी

पाच-दहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारू नये. आम्ही पुढील क्रमाने जातो.

१. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे आणि एक दिवस थांबावे. मग हळूहळू किक फिरवून दट्ट्या मोकळा आहे का ते पाहावे. अडत असेल तर जोर लावू नये, गॅरेजमध्ये न्यावी.

२. टाकी काढून आतून धुवावी. गंजाचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकले की पेट्रोल कमी पडते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि इंजिन तापून पकडते.

३. कार्बोरेटर उघडून जेट स्वच्छ करावेत. तार घालून कोरू नये, भोक मोठे होते. हवेच्या दाबाने साफ करावे.

४. पॉइंट पाहावेत. त्यांवर काळपट थर चढलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढून फट फीलर गेजने लावावी. ती साधारण ०.३ ते ०.४ मि.मी. असते. पॉइंट उघडण्याची वेळ चुकली की गाडी उलटी किक देते आणि पायाला इजा होते.

५. टायर कितीही नक्षीदार दिसोत, त्यांच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३०९' म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर प्रवासासाठी वापरू नये. आतली ट्यूबही बदलावी.

६. ब्रेक लायनर, ब्रेकच्या व क्लचच्या केबल, आणि चाकाच्या तारा तपासाव्यात. तारेवर पान्याने हलके टिचकी मारली की ताणलेली तार खणखणते, सैल तार थप्प वाजते. लहान मुलांनाही हे काम आवडते आणि ते नीट करतात.

एवढे झाल्यावरच किक मारावी. या गाडीची एक गंमत नव्या पिढीला ठाऊक नसते. किक आणि गिअर यांची दांडी एकच आहे. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, आणि गाडी सुरू झाल्यावर पुन्हा जागेवर आणली की तोच गिअर. शिवाय गिअर टाकताना ती दांडीच आतून क्लच सोडवते, अशी सोय या गाडीत आहे. तरीही हाताचा क्लच वापरण्याची सवय सोडू नये.

गाडी काय सांगते ते ऐकावे

चांगला मिस्त्री आधी पाना उचलत नाही, आधी ऐकतो, वास घेतो आणि प्लग पाहतो. प्लगचे टोक चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होते आहे. पांढरे पडले असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. हे शेवटचे लक्षण धोक्याचे. गाडी तेव्हा जोरात पळते, म्हणून चालवणारा खूश असतो, आणि तेवढ्यात इंजिन पकडते.

क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी तेलसील असतात, ते वयाने कडक होतात. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्समधले तेल इंजिनात ओढले जाते. गाडी ढगासारखा पांढरा धूर सोडते आणि गिअर-तेलाची पातळी घटत राहते. दुसऱ्या बाजूचे सील गेले, तर धुराने काहीच कळत नाही. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. सीलची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. म्हणून जुने इंजिन एकदा उघडले की दोन्ही सील नवी घालावीत.

सायलेन्सरमध्ये काजळी साचून गाडी ओढत नाही, ही आणखी एक नेहमीची तक्रार. अशा वेळी लोक कार्बोरेटरशी खेळत बसतात. आधी सायलेन्सरच्या आतली नळी काढून साफ करावी. आवाज मोठा यावा म्हणून ती नळी काढून टाकणारे तरुणही आहेत. त्याने शेजाऱ्यांची झोप जाते, आणि इंजिनाचे बळही कमी होते, कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरची रचना इंजिनाच्या श्वासाशी जुळवलेली असते.

सुट्या भागांच्या बाबतीत आपण बेळगावकर सुदैवी आहोत. आपले गाव फाउंड्री आणि लेथ यांचे गाव आहे. बुश, ॲक्सल, नट-बोल्ट असे भाग उद्यमबागेतला कसबी टर्नर नमुना पाहून करून देतो. सिलिंडर झिजला तर बोअर करून पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठा दट्ट्या घालता येतो. मात्र या पायऱ्या मोजक्याच असतात. प्रत्येक वेळी निष्काळजीपणाने इंजिन पकडले की त्यातली एक पायरी कायमची खर्च होते, हे ध्यानात ठेवावे.

घाटातून जाताना

बेळगावहून गोव्याला जायला आपल्याला चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाट उतरावा लागतो. या गाड्यांची खरी परीक्षा चढापेक्षा उतारावर होते. चढावर इंजिन तापते खरे, पण थ्रॉटल उघडे असल्याने भरपूर पेट्रोल आणि त्याबरोबर भरपूर तेल मिळत असते. उतारावर आपण थ्रॉटल बंद करतो. चाके मात्र इंजिनाला जोरात फिरवत राहतात. म्हणजे इंजिन फिरते आहे आणि तेल जवळजवळ मिळत नाही. फोर-स्ट्रोक गाडीला हे चालते, कारण तिचे तेल वेगळे असते. टू-स्ट्रोकला चालत नाही. म्हणून लांब उतारावर दर थोड्या वेळाने थ्रॉटल किंचित उघडून इंजिनाला तेलाचा घोट द्यावा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरणे तर कधीही करू नये.

दुसरी गोष्ट ब्रेकची. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला कमी रोखून धरते, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. गाडी, दोन माणसे व सामान मिळून २७० किलो वजन धरू. कणकुंबीकडून चोर्ला घाटाने केरीला उतरताना आपण जवळजवळ ७०० मीटर खाली येतो. स्थितिज ऊर्जेचे सूत्र वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. उत्तर साडेअठरा लाख ज्यूल येते. एवढ्या उष्णतेने सुमारे सहा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येईल! वारा आणि इंजिन त्यातला काही भाग घेतात, बाकीची उष्णता दोन लहान ड्रममध्ये जाते. ड्रम तापला की लायनरची पकड सुटते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबून सोडावा, दोन्ही ब्रेक एकत्र वापरावेत आणि मध्ये थांबून ड्रम थंड होऊ द्यावेत. त्यांवर पाणी मात्र ओतू नये.

पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरते. ओढ्याचे पाणी ओलांडल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबून चालवले की लायनर वाळतात. जुन्या मॉडेलांत सहा व्होल्टची वीज असते, दिव्याचा उजेड मंद पडतो. घाटातला प्रवास दिवसाउजेडीच संपेल अशा बेताने निघावे.

सोबत जास्तीचा प्लग, पॉइंटचा संच, क्लचची व थ्रॉटलची केबल, एक ट्यूब, चेनची कडी, प्लगपाना, फीलर गेज आणि टू-टी तेलाची बाटली असावी. ही सामग्री एका पिशवीत मावते. गाडी ताशी पन्नास-साठने चालवावी. या गाड्यांचा आनंद दूर जाण्यात आहे, लवकर पोहोचण्यात नाही.

कागदपत्रे आणि कायदा

पालकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. अनेक गाड्या आजही दिवंगत आजोबांच्या नावावर आहेत. नोंदलेल्या मालकाचे निधन झाल्यास वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्रही हवेच. अपघात झाल्यावर यांतला एक कागद कमी असला, तरी सारे कुटुंब अडचणीत येते.

पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने 'विंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना गाडी नेहमी चालवायची आहे, त्यांनी नेहमीची नोंदणीच जिवंत ठेवलेली बरी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. 'गल्लीतच एक फेरी मारतो' असे म्हणणाऱ्या मुलाला किल्ली देणारे वडील हा धोका पत्करत असतात. चालवणारा असो वा मागे बसणारा, आय.एस.आय. खूण असलेले हेल्मेट पट्टा बांधूनच घालावे.

मुलांनी मग काय करावे?

अठरा वर्षे होईपर्यंत चालवता येत नाही, पण शिकता मात्र सगळे येते. मोठ्यांच्या देखरेखीखाली प्लग काढून त्याचा रंग वाचणे, पॉइंटची फट लावणे, चेनला तेल देणे, तारा ताणणे, किती पेट्रोलला किती तेल ते काढणे ही कामे आठवीचा मुलगा किंवा मुलगी सहज करू शकते. एक वही करावी. कोणत्या तारखेला काय बदलले, किती किलोमीटरवर प्लगचा रंग कसा होता, कुठला भाग कोणाकडे मिळाला, हे त्यात लिहावे. गाडीची खरी पुस्तिका तीच होते.

दुसरे काम अधिक तातडीचे आहे. आपल्या गावातले या गाड्यांचे जाणते मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या हातातली कला कोणत्याही पुस्तकात नाही. सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि ऐकलेले मराठीत लिहून काढावे. कारखाना १९९६ साली बंद झाला, तरी गाड्या आजवर चालल्या त्या याच मंडळींमुळे.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. दुरुस्तीपलीकडे गेलेले एखादे टू-स्ट्रोक इंजिन भंगाराच्या भावात मिळू शकते. ते अर्धे कापून, रंगवून, हाताने फिरवता येईल असे प्रयोगशाळेत ठेवावे. कापण्याचे काम गावातल्याच वर्कशॉपमध्ये होईल. दट्ट्या खिडक्या कशा उघडतो-मिटतो, हे फळ्यावरच्या आकृतीने जे कळत नाही ते मुलांना एका फेरीत कळेल. ज्या पालकांच्या घरी असे निकामी इंजिन पडून असेल, त्यांनी ते विकण्यापूर्वी कार्यालयात कळवावे.